जपानी घरात पंधरा दिवस राहायचं तर

मी ओकायामाला एका कुटुंबात पंधरा दिवस राहिले होते, जुलैमध्ये, जपानीच्या क्लासमधून ठरलेलं. तेव्हा माझं एन-४, म्हणजे जपानीच्या परीक्षेतली खालून दुसरी पायरी, झालेलं होतं, म्हणजे आपल्याला बोलता येतं असं स्वतःला वाटत असतं पण समोरचा बोलायला लागला की कळतं काय ते. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच जणींना जाताना मी हेच सगळं फोनवर सांगितलंय, दर वेळी तासभर जातो, म्हणून आता एकदाचं लिहून टाकते. यातलं बरंचसं दुसऱ्या देशातही लागू पडेल पण मी जपानचंच सांगणार, कारण तेच मला माहितीये.

आधी घर मिळवायचं कसं. लँग्वेज स्कूलला अ‍ॅडमिशन घेतली असेल तर तेच लावून देतात, युनिव्हर्सिटीच्या एक्सचेंजमध्येही असतं, आणि बऱ्याच शहरांमध्ये कोकुसाई कोर्यू क्योकाई नावाची मंडळं असतात, परदेशी लोकांशी ओळखी वाढाव्यात म्हणून चालवलेली, त्यांच्याकडे हौसेने घर उघडणाऱ्या कुटुंबांची यादी असते. खेड्यात शेतकऱ्याच्या घरी राहायची पण सोय असते, भाजी तोडायची, भात लावायचा वगैरे. पैसे भरून असतं तिथे बहुतेक वेळा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेलं असतं, दुपारचं आपलं आपण बघायचं, पण हे गृहीत धरू नका, विचारून घ्या. आणि एक घोळ होतो तो असा की नेटवर 'मिनपाकु' म्हणून जे दिसतं ते सगळं होमस्टे नसतं. मिनपाकु म्हणजे राहत्या घरातली खोली किंवा अख्खं घर भाड्याने देणं, त्याला २०१८ च्या जूनपासून वेगळा कायदा आहे, नोंदणी लागते आणि वर्षाला जास्तीत जास्त १८० दिवसच देता येतं. त्यात मालक तिथे राहतच नाही असंही पुष्कळदा असतं, तुम्ही कोड दाबून कुलूप उघडता आणि कोणाचं तोंडही दिसत नाही. तुम्हाला माणसं हवी असतील तर घरातले लोक त्याच घरात राहतात का हे स्पष्ट विचारा.

अजून काय विचारायचं, तर घरात कुत्रा-मांजर आहे का, कोणी सिगरेट ओढतं का, स्टेशनपासून किती लांब आणि शेवटची बस कितीची. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे बरं का. टोकियो-ओसाका सोडलं तर बस लवकर संपतात आणि टॅक्सीचं मीटर बघून पोटात गोळा येतो.

आता फॉर्म. फॉर्ममध्ये खाण्याबद्दल एक रकाना असतो आणि आपण तिथे 'व्हेजिटेरियन' लिहून मोकळे होतो. माझं तेच झालं. ओकासान, म्हणजे घरातली आई, तिने माझ्यासाठी रोज वेगळं बनवलं, टोफू, वांगी, भोपळा, आणि रोज सोबत मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप. सूप इतकं छान की मी तीन दिवस वाटी चाटूनपुसून साफ केली. तिसऱ्या दिवशी कौतुकाने विचारलं की याला ही चव कशाने येते, तर ती उत्साहाने उठली आणि कपाटातून एक पाकीट घेऊन आली ज्याच्यावर भलामोठा मासा. मी वाटीकडे बघतेय, वाटी माझ्याकडे बघतेय. ती दाशी. कात्सुओ नावाच्या माशाला उकडून, धूर देऊन, लाकडासारखं कडक वाळवतात आणि त्याच्या पापुद्र्यांचं पाणी काढतात, ते पाणी जपानी स्वयंपाकात आपल्या फोडणीसारखं सगळीकडे असतं. सुपात, उदोन नूडल्सच्या रश्श्यात, उकडलेल्या भाजीत, अंड्याच्या ऑम्लेटमध्ये सुद्धा. तिच्या दृष्टीने तो मासा नव्हताच, मासा म्हणजे ताटात दिसतो तो. मी सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला आणि तिने इतक्या वेळा माफी मागितली की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक माझी होती, मी नीट लिहिलंच नव्हतं.

तेव्हा लिहायचं कसं तर एकेक पदार्थ धरून. मांस नाही, चिकन नाही (हो, चिकन वेगळं लिहायचं, आणि हॅम-बेकन पण), मासे नाहीत, माशांची दाशी नाही, अंडं चालतं की नाही, दूध चालतं. आणि त्याच दमात काय चालतं तेही लिहा म्हणजे बिचाऱ्यांना मार्ग सापडतो. कोम्बु नावाच्या समुद्रातल्या पाल्याची पण दाशी होते आणि ती शंभर टक्के शाकाहारी असते, माझ्या ओकासानने चौथ्या दिवसापासून तीच वापरली आणि मला तरी चवीत काही कमी वाटलं नाही. तोंडी सांगायला पाठ करून ठेवा: "निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देस. कोम्बु नो दाशी वा दाइजोबु देस." म्हणजे मांस-मासे खाता येत नाहीत, माशांची दाशी पण नको, कोम्बुची चालते. आणि सुपरमार्केटमध्ये करीच्या वड्या मिळतात त्या बघून 'अरे वा आपलीच करी' म्हणून उड्या मारू नका, बऱ्याच ब्रँडमध्ये गाईची किंवा डुकराची चरबी असते.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना आणि जैन मंडळींना माझा प्रामाणिक सल्ला, होमस्टे घेऊ नका, किंवा फक्त राहायचं घ्या आणि स्वतःचं स्वतः करून खा. त्या कुटुंबाची रोज परीक्षा आणि तुमचा रोज उपास, कशाला.

व्हिसाचं मी इथे सांगत बसत नाही, नियम बदलत राहतात. एवढंच की जिथे राहणार त्या घराचा पत्ता आणि फोन नंबर विमानतळावर उतरल्यावरच्या फॉर्ममध्ये लागतो, तो हाताशी ठेवा, आणि पत्ता जपानी लिपीत पण मागून घ्या कारण टॅक्सीवाल्याला रोमन अक्षरातला पत्ता दाखवून उपयोग होत नाही.

बॅग भरताना. वीज तिथे १०० व्होल्ट, पिना दोन आणि चपट्या, आपला तीन गोल पिनांचा प्लग जात नाही, अ‍ॅडाप्टर इथूनच न्या. मोबाईल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, पण आपली पाणी तापवायची कॉइल, इस्त्री, छोटा मिक्सर हे सगळं घरीच राहू दे. औषधांचं मात्र सिरियसली घ्या. सर्दीच्या काही गोळ्यांमध्ये स्युडोएफेड्रिन असतं आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन, जपानमध्ये ही दोन्ही ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असली तर आणता येत नाहीत, आपल्या डॉक्टरची चिठ्ठी असली तरी. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याभराच्या चालतात, त्याहून जास्त न्यायच्या असतील तर आधी परवानगी काढावी लागते. आणि फळं नाहीत. हापूसची पेटी घेऊन जायचा मोह मला पण झाला होता पण ताजी फळं तपासणीच्या सर्टिफिकेटशिवाय आत जात नाहीत, विमानतळावरच काढून घेतात.

गिफ्ट न्यायचंच, पण महागातलं नको. महाग दिलं की त्यांना त्याच तोलाचं परत द्यावंसं वाटतं आणि नसता ताप होतो. आपली मिठाई त्यांना बहुतेकदा झेपत नाही, फार गोड वाटते. मी बाकरवडी नेली होती आणि ती हिट झाली, तिखट जरा लागली त्यांना पण बिअरसोबत ओतोसाननी, म्हणजे बाबांनी, डबा संपवला. वेगवेगळ्या छोट्या पाकिटात असलेलं काही असेल तर अजून उत्तम कारण ते लोक ऑफिसात, शेजारी वाटतात. चार वस्तूंचा सेट देऊ नका, चारचा उच्चार 'शी' आणि मृत्यूलाही 'शी', त्यामुळे तो आकडा टाळतात. दोन्ही हातांनी द्यायचं. आणि दिल्यावर त्यांनी लगेच उघडलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

माझी बाकरवडी कुठे गेली माहितीये? ओबाचान, म्हणजे आजी, ऐंशीच्या पुढची, तिने तो डबा माझ्या हातून घेतला आणि आतल्या खोलीत लाकडी देवघरासारखं एक कपाट होतं, बुत्सुदान म्हणतात त्याला, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी असतं, तिथे आजोबांच्या फोटोपुढे ठेवला, एका छोट्या वाटीसारख्या घंटेवर टिंग करून वाजवलं आणि हात जोडले. घरात येणारी चांगली वस्तू आधी तिथे. रोज सकाळी भाताचा पहिला घास पण तिथेच. मी माझ्या मोडक्या जपानीत सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे पण असंच आहे, नैवेद्य, आधी देवाला मग आपल्याला, आणि तिने मान डोलावली, कळलं की नाही देव जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी घंटा वाजवायच्या आधी ती मला हाक मारायची. तुमच्या घरात असं बुत्सुदान असलं तर त्यावर काही ठेवू नका, त्याच्याकडे पाय करून झोपू नका, आणि हात जोडायचे असतील तर आधी विचारा, त्यांना आवडतंच.

दारातून आत शिरताना. दाराच्या आतच एक खालची जागा असते, गेनकान, तिथे चपला काढायच्या आणि वर पाऊल टाकायचं. यात आपल्याला काही नवीन नाही, आपण पण दारात चपला काढतो, पण त्या खालच्या फरशीवर मोज्याचा पाय टेकवायचा नाही आणि वरच्या लाकडावर चपलेचा, एवढी काळजी. चपला काढल्यावर त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवा. मग घरातल्या स्लिपर मिळतात, त्या तातामीच्या खोलीत, म्हणजे जिथे जमिनीला चटया बसवलेल्या असतात तिथे, बाहेर काढायच्या. आणि टॉयलेटच्या वेगळ्या. टॉयलेटच्या स्लिपर घालून बैठकीच्या खोलीत अवतरणं हा प्रत्येक परदेशी माणसाचा संस्कार आहे, मुंजीसारखा, तो माझाही झाला, पाहुणे बसलेले असताना. ओतोसाननी चहाचा कप तोंडाला लावून हसू लपवलं. होऊन जातं, पुढे चला.

टॉयलेटमध्ये बहुतेक घरांत पाण्याची सोय असते, त्यामुळे आपल्या लोकांचं युरोपात होतं तसं अडत नाही. फक्त बटणं खूप असतात. सगळ्यात आधी 'थांबवा'चं बटण कोणतं ते शोधा, बहुतेक वेळा त्यावर चौकोनाची खूण असते, मग बाकीचे प्रयोग करा.

अंघोळीचं जरा सविस्तर सांगते कारण इथे चूक झाली तर अख्ख्या घराची पंचाईत होते. टबमध्ये चाळीस-बेचाळीस डिग्रीचं पाणी भरलेलं असतं आणि ते एकच पाणी सगळं घर वापरतं, एकामागून एक. हे ऐकून आपल्याला ईईई होतं पण थांबा. टबात अंग धुवायचंच नसतं. टबाच्या बाहेर छोटं स्टूल असतं, शॉवर असतो, तिथे बसून साबण-शांपू करून, फेसाचा एक थेंब राहू नये इतकं स्वच्छ होऊन मग टबात नुसतं बसायचं. त्यामुळे पाणी तसं स्वच्छच राहतं. केस वर बांधा, टॉवेल पाण्यात बुडवू नका, आणि बाहेर आल्यावर बूच उपटून पाणी सोडून देऊ नका!! टबावर झाकण ठेवा म्हणजे पुढच्या माणसाला गरम राहील. काही घरांत तेच पाणी नंतर कपड्यांच्या मशीनलाही वापरतात. पाहुण्याला पहिला नंबर देतात, तो मान आहे, घ्या, पण तासभर बसू नका, बाहेर रांग आहे.

आणि तेल. मी पहिल्या रविवारी सवयीने केसांना खोबरेल तेल चोपडून बसले. मग लक्षात आलं की हे डोकं मी कुठेही टेकवू शकत नाही, उशीला नाही, सोफ्याला नाही, आणि टबात गेले तर पाण्यावर तवंग येणार. तीन वेळा शांपू केला तेव्हा कुठे टबात पाय टाकायचं धाडस झालं. तेल नेऊच नका किंवा शॉवरच्या दहा मिनिटं आधी लावा. लांब केस असतील तर जाळीतले केस स्वतः उचला, हे सांगायला नको पण सांगतेच.

झोपायला तातामीवर फुतोन म्हणजे गादी असते, सकाळी घडी करून भिंतीतल्या कपाटात ठेवायची. आपल्याकडे आजी-आजोबांच्या काळी गाद्यांची वळकटी करायचे तेच. तशीच पसरून ठेवली तर खालून दमट होते, जुलैत तर विचारूच नका. तातामीवरून चाकांची बॅग ओढत नेऊ नका, उचलून न्या, आणि ती उघडायची तर खाली काहीतरी अंथरून.

जेवताना 'इतादाकिमास' म्हणून हात जोडायचे, झाल्यावर 'गोचिसोसामा'. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, दोन्ही अंत्यविधीशी जोडलेलं आहे, दहनानंतर अस्थी तशा उचलतात. नूडल्स सुर्र करून ओढा, पण ताटावर बसून नाक शिंकरू नका. ताटात टाकू नये हा आपला नियम तिथे चालतो, उलट जास्तच. फरक कुठे आहे तर आग्रहात. आपण 'नको नको' म्हणतो आणि मनात असतं की अजून एकदा विचार, समोरचा पण विचारतोच. तिथे माझ्या घरी तरी मी 'दाइजोबु', म्हणजे इथे 'नको, ठीक आहे', म्हटलं की ओकासान भांडं झाकून ठेवायची आणि मी बघत बसायची. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. उलट त्यांचं 'नाही' ओळखायला शिका, ते तोंडावर नाही म्हणत नाहीत, मान वाकडी करून 'चोत्तो...' म्हणतात आणि वाक्य तिथेच सोडून देतात. 'चोत्तो' म्हणजे खरं तर 'जरा', पण तिथे ते नाहीच असतं, पुन्हा विचारायला जाऊ नका.

फळं तिथे महाग असतात. ओकायामाचे पांढरे पीच प्रसिद्ध आहेत, मी गेले तेव्हा सीझन होता, आणि ओकासानने एका संध्याकाळी एक, एकच पीच काढला, सोलला, फोडी केल्या आणि आम्ही चौघांनी खाल्ल्या, प्रत्येकी दोन-तीन फोडी. आपण आंबे रिचवतो तसं फ्रिज उघडून हाणायचं नाही. फ्रिजमधलं थंड मुगिचा, म्हणजे भाजलेल्या सातूचा बिनसाखरेचा चहा, तो मात्र हवा तितका पितात, पण बाटली संपली की नवीन भरून ठेवा.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. पहिल्या आठवड्यातच मी क्लासमधल्या मुलींबरोबर कुराशिकीला गेले, जवळच आहे, जुनी कालव्याकाठची वस्ती, पांढऱ्या भिंतींची गोदामं, फिरता फिरता उशीर झाला, तिथेच काहीतरी खाल्लं आणि साडेनऊला घरी. फोन केला नाही. आपल्या डोक्यात असं की उशीर झाला तर काय, ताट झाकून ठेवतील किंवा जेवून घेतील. घरी आले तर जेवणाच्या टेबलावर माझं पान मांडलेलं, प्रत्येक वाटीला पातळ प्लास्टिकचा कागद ताणून लावलेला, चॉपस्टिक नीट आडव्या ठेवलेल्या आणि ओकासान खुर्चीत पेपर उघडून बसलेली, जेवायची थांबलेली. काही बोलली नाही. "ओकाएरी" म्हणाली, हसली, आणि सगळं गरम करायला उठली. मी खाऊन आलेय हे मी सांगितलंच नाही, पुन्हा जेवले, सगळं, त्या भोपळ्यासकट. दुसऱ्या दिवशी ओतोसाननी हळूच एक कागद दिला, त्यावर घरचा फोन नंबर आणि 'सहाच्या आत' एवढंच लिहिलेलं. सहा वाजता ती तांदूळ धुते. त्याच्या आत कळवायचं की जेवायला आहे की नाही, बास, एवढंच त्यांना हवं असतं. कुठे जाताय, कोणाबरोबर, याच्याशी काही घेणंदेणं नसतं. दुपारी मेसेज टाकायची सवय लावा, तिकडे सगळे लाईन अ‍ॅप वापरतात, इथूनच डाउनलोड करून अकाउंट काढून जा.

बाहेर पडताना 'इत्तेकिमास' म्हणायचं. याचा अर्थ 'जाऊन येते', शब्दशः. आपल्याकडे कोणी 'जाते' म्हटलं की आजी ओरडते ना, 'येते म्हण', अगदी तेच. घरातले म्हणतात 'इत्तेराश्शाई', जाऊन ये. परत आल्यावर 'तादाइमा', आले बरं का, आणि त्यावर घरातले 'ओकाएरी', आलीस का. हे चार शब्द चुकवू नका, बाकीचं व्याकरण गेलं खड्ड्यात.

कचरा. हा विषय इतका मोठा आहे की काही लोक त्याचे नियम फ्रिजवर चिकटवतात, आमच्याकडे पण होता, महिन्याचा तक्ता. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या, डबे, काच वेगळं, प्रत्येकाचा वार ठरलेला, आणि गावागावाचे नियम वेगळे. मी दुधाचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा केराच्या डब्यात टाकला तर ओबाचानने तो बाहेर काढला, ओरडली वगैरे नाही, मला हाताने खूण करून सिंकपाशी बोलावलं. आधी पाण्याने विसळला. मग कात्री घेतली, कडेने वरपासून खालपर्यंत कापला, तळ कापून मोकळा केला, उघडून सपाट केला आणि आपण पापड वाळत घालतो तसा खिडकीत उभा टेकवून ठेवला. असे दहा-बारा जमले की दोरीने गठ्ठा बांधून सुपरमार्केटच्या पेटीत नेऊन टाकायचे. प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं. पहिल्याच दिवशी डबे कोणते हे विचारून घ्या आणि शंका असली तर कचरा हातात घेऊन विचारा, लाजू नका. बाहेरचा कचरा पण आपल्याबरोबर घरी येतो कारण रस्त्यावर डबे नसतातच जवळपास, पर्समध्ये एक पिशवी ठेवा. आणि एक रुमाल, सार्वजनिक टॉयलेटमध्ये हात पुसायला काही नसतं पुष्कळदा.

एक दिवस 'भारतीय जेवण करून घाल' अशी फर्माईश येणार. तयारीत राहा. तिथे गॅसच्या जागी बऱ्याच घरांत इंडक्शन असतं, म्हणजे फुलका फुगवणं विसरा. मोहरी-हिंग-लाल मिरचीची खमंग फोडणी पण विसरा, छोटं स्वयंपाकघर, बंद खिडक्या, धुराचा अलार्म. मी आवाज कमी करून जिऱ्याची केली तरी ओकासान खोकत बाहेर गेली. तिखट तुमच्या अंदाजाच्या निम्मं, मग त्याच्या निम्मं. कोथिंबिरीचा वास पुष्कळांना चालत नाही, आधी विचारा. तिथल्या तांदळाचा पुलाव करू नका, तो तांदूळ आखूड आणि चिकट, पुलावाची पार खिचडी होते. पण दहीभात!! त्या चिकट भाताचा दहीभात असा काय होतो म्हणून सांगू. साधं बिनसाखरेचं दही मिळतं, 'मुतो' लिहिलेलं बघून घ्या. मी बटाट्याची भाजी, पातळ वरण, दहीभात आणि शिरा केला होता, सगळ्यात जास्त बटाट्याची भाजी खपली, ओबाचान 'देरे उमाई' म्हणाली, 'देरे' हे तिकडचं गावरान, 'लई भारी'तलं 'लई'. हाताने जेवून दाखवलं तर सगळ्यांनी हाताने खाऊन बघितलं, आणि मग हसणं थांबेना.

बोलायला विषय नसतो असं खूप जणींना वाटतं. फोनमध्ये आपल्या घरचे, स्वयंपाकघराचे, गल्लीचे, सणाचे फोटो ठेवा, ताजमहाल नको. मला तर आयतीच गंमत मिळाली, सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून घेतलेलं. १७०० साली पूर्ण झालेली ती बाग त्यांच्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटं, आणि तिची धाकटी बहीण आमच्या पुण्यात आहे हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. ओतोसाननी फोटो मोठा करकरून बघितला. सायकलवरून आठवलं, घरची सायकल देतात बऱ्याचदा, पण डबलसीट चालत नाही, छत्री धरून नाही, फोन बघत तर नाहीच, आणि रात्री दिवा लावायचा.

घरी फोन करायचा तर लक्षात ठेवा, ते आपल्यापुढे साडेतीन तास आहेत. आई संध्याकाळी साडेसहाला निवांत होऊन फोन करते तेव्हा तिथे रात्रीचे दहा वाजलेले असतात, भिंती पातळ, आणि आपण मराठी माणसं परदेशात फोनवर बोलताना समुद्रापलीकडे आवाज पोचावा अशा बेताने बोलतो. इअरफोन लावा, पांघरुणात शिरा.

भूकंपाचं पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, बाहेर पडायची वेळ आली तर जमायची जागा कोणती, टॉर्च कुठे. 'सेफ्टी टिप्स' नावाचं अ‍ॅप आहे, तिथल्या पर्यटन खात्याने केलेलं, इंग्लिशमध्ये सूचना येतात. पोलीस ११०, अ‍ॅम्ब्युलन्स आणि आग ११९.

निघायच्या आदल्या दिवशी खोली झाडून घ्या, चादरी-उशांची कव्हरं काढून घडी करून ठेवा, ओकासान 'राहू दे' म्हणेल, तरी करा. टीप म्हणून पैसे देऊ नका, राहण्याचे पैसे हातात द्यायचे ठरले असतील तर कोऱ्या नोटा, पाकिटात घालून. निघताना 'ओसेवा नि नारिमाशिता', तुमच्यामुळे माझं सगळं झालं, असं काहीसं. आणि घरी पोचल्यावर मेसेज तर कराच पण एक पत्रही टाका, हाताने लिहिलेलं, मोडकं चालेल. पत्त्यात खाली देश इंग्लिशमध्ये आणि बाकी जपानीत लिहिलं तरी पोचतं, माझं पोचलं. फक्त नाव लाल शाईने लिहू नका, तिथे ते अशुभ मानतात, मी अर्ध्या पाकिटावर लाल जेल पेनने लिहून मग क्लासच्या सरांना दाखवलं आणि पाकीट बदलावं लागलं.